न मागितलेली सावड

मला सगळं गाव 'बाई' म्हणतं. अंगणवाडीच्या बाई. आज गावात ज्यांना मिसरूड फुटलंय, ज्या पोरी एसटीनं भोरला कॉलेजला जातात, त्या सगळ्यांची शेंबडी नाकं मी माझ्या पदराला पुसलेली आहेत. वरच्या आळीची आणि खालच्या आळीची पोरं एका सतरंजीवर बसवून खिचडी खायला कुणी शिकवलं? मी. एकानं दुसऱ्याचा घास ओढला की कान कुणी धरला? मी. तेव्हा गावातल्या तरण्या पोरांना एकत्र आणण्याचा मान कुणाचा, हे मी आणखी वेगळं सांगायला नको. आणि तरीही तो मान माझ्या धाकट्या जावेला मिळाला.

मी जळून लिहितेय असं कुणी म्हणेल. जळूनच लिहितेय. पोटात दुखतंय आणि ओवा मागायला लाज वाटतेय, अशातला प्रकार नाही. दुखतंय ते मी चारचौघांत सांगते.

धाकटी मूळची भोरची. वडील कचेरीत नोकरीला, भाऊ बँकेत. लग्नानंतरही माझा दीर आणि ती भोरलाच राहायची, गावाकडे सणावाराला यायची, ते सुद्धा सकाळच्या गाडीनं येऊन संध्याकाळच्या गाडीनं परत. मग करोनात सगळं बंद पडण्याचं वर्ष आलं, तेव्हा दोघं गावाला येऊन राहिली आणि राहिलीच. दीर मोटारसायकलवर भोरला जाऊन-येऊन करू लागला. हिला भाकरी थापता येत नव्हती. तव्यावर टाकेपर्यंत तिचे दोन देश व्हायचे. भातखाचरात उतरताना डोक्याला टोपी घालायची, मुलं क्रिकेटला घालतात तसली. आम्ही बायका हसायचो. ती पण हसायची, त्यामुळे हसण्यात काही मजा उरत नसे.

आमचं गाव वेल्ह्याच्या बाजूचं, डोंगराच्या कुशीतलं, भातावर जगणारं. वरची आळी आमची. खालची आळी नदीकडं, तिथली खाचरं चांगली, इंद्रायणी तांदूळ तिथलाच घ्यावा. दोन्ही आळ्यांत सोयरिकी आहेत, देवाणघेवाण आहे आणि तितकीच भांडणंही. पण लावणीला आणि कापणीला आमच्याकडं 'सावड' चालते. आज तुम्ही माझ्या खाचरात, उद्या मी तुमच्या. मजुरी नाही, फक्त फेड. गडी आला तर गडी पाठवायचा, बाई आली तर बाई. आणि ज्याच्या शेतात सावड आली, त्या घरच्या थोरल्या बाईनं बांधावर भाकरी न्यायची. माझ्या सासूबाई म्हणायच्या, सावड डोक्यावर ठेवून मरू नये. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं सुद्धा सावड फेडायला येतात, पाठ करून रोपं लावतात, भाकरी खातात आणि न बोलता जातात. मी बघितलंय.

मग यात्रा आली. मधली दोन वर्षं झाली नव्हती, म्हणून त्या वर्षी पोरांच्या अंगात जरा जास्तच आलं. डीजेचा टेम्पो कुठल्या आळीसमोर जास्त वेळ थांबला, यावरून सुरुवात झाली. आधी शिव्या, मग ढकलाढकली. त्यात खालच्या आळीचा एक पोरगा टेम्पोच्या फाळक्यावरून खाली पडला आणि त्याचा हात कोपरात मोडला. ढकललं कुणी, का गर्दीत तो आपसूक गेला, हे आजही छातीठोकपणे कुणी सांगत नाही. पण फिर्याद झाली आणि त्यात सगळ्यात वरचं नाव माझ्या मुलाचं पडलं.

माझा मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे उठून फाट्यापर्यंत पळत जायचा आणि पळत यायचा. मी उठून दूध तापवायची. अंगात खाकी घातलेला तो माझ्या डोळ्यांसमोर इतक्या वेळा येऊन गेला होता की शेजारणीला मी एकदा चुकून 'आमचा पोलीस' असं म्हणून गेले होते. आता केस झाल्यावर भरती कसली? पोलिसांत जायचं तर पोलिसांकडूनच चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागतो. तो पळायचा बंद झाला. दिवसभर मोबाईल घेऊन पडून राहायचा. नवरा शिरवळला कंपनीत, आठवड्यातून एकदा घरी, तो आला की दोघेही भिंतीकडं तोंड करून जेवायचे. केस मिटल्याशिवाय माझं लेकरू उठून बसणार नाही, एवढं मला कळत होतं.

दोन्ही आळ्यांची सावड तुटली. गावात असं कधी झालं नव्हतं. तंटामुक्ती समिती बसली, चहा प्याली आणि उठली.

मग मीच गेले. चांगलं लुगडं नेसून, एक नारळ घेऊन खालच्या आळीत गेले. हात मोडलेल्या पोराची आई विधवा, एकटीनं तीन खाचरं सांभाळणारी, तोंडानं फटकळ पण मनानं सरळ. फिर्याद पोराच्या नावाची, पण त्या घरात आईच्या शब्दाबाहेर पान हलत नाही. तिनं चहा टाकला. मी म्हणाले, "तुमच्या लेकराला पयला घास म्या भरवलाय. इसरलात का?"

"इसरले न्हाई, बाई. म्हणून तर चा टाकला," ती म्हणाली. "पर ज्या हाताला तुमी घास धरायला शिकवलं, त्योच हात तुमच्या पोरानं मोडला. आता काय बोलायचं?"

मी नारळ तिथंच ठेवला. दुसऱ्या दिवशी तो अंगणवाडीच्या दारात ठेवलेला सापडला. हे सगळ्या गावाला कळलं, धाकटीलाही. ती मला म्हणाली, "ताई, तुम्ही गेलात हेच खूप आहे." मला ते आवडलं नाही. खूप आहे की थोडं आहे, हे मोजायला तिला कुणी बसवलं होतं?

आता तिचा उद्योग. त्याच सुमारास ती भोर-पुण्याच्या ओळखीच्या लोकांना आमचा तांदूळ विकायला लागली होती. सुरुवातीला घरचाच, सामाईक शेतातला. मग पुण्यातल्या सोसायट्यांमधून मागणी वाढली. पानशेतकडच्या दोन खानावळींनी घ्यायला सुरुवात केली, पुढं सारोळ्याला हायवेवरच्या एका दुकानानं. हिनं रिकाम्या बसलेल्या पोरांना हाताशी धरलं. कुणी तांदूळ निवडतंय, कुणी पिशव्या शिवतंय, कुणी मोबाईलवर फोटो काढतंय. तिची पडवी माझ्या पडवीला लागून. मधे फक्त एक कूड. पलीकडं काय चाललंय ते मला ऐकायला जावं लागत नसे, कान बंद करावे लागत.

माझा मुलगा तिथं जायला लागला. प्रथम मला बरं वाटलं, उठला तरी. मग एके दिवशी कुडापलीकडून त्याचं हसणं ऐकलं. यात्रेनंतर तो माझ्या घरात हसला नव्हता. मी पातेल्यात डाळ घोटत होते, ती तशीच घोटत राहिले, डाळीचं पाणी झालं. रात्री जेवताना म्हणाला, "काकू म्हणते, आपल्या तांदळाला वास हाय त्यो नुसता तांदूळ इकून कळत न्हाई, पिशवी उघडून दावायला पायजे." काकू म्हणते! मी त्याला बावीस वर्षं सांगत आले की पाय धुऊन घरात ये, ते कधी 'आई म्हणते' म्हणून कुणाला सांगितलं होतं का त्यानं?

तिच्या दारातल्या चपलांवरून मी ओळखायची कोण आलंय. आमच्या आळीतल्या सगळ्या चपला मला पाठ. एक दिवस एक अनोळखी जोड दिसला, डाव्या अंगठ्याला तार बांधलेला. मी निरशा दुधाचं निमित्त करून आत डोकावले. हात मोडलेला तो पोरगा बसला होता. कोपरातून हात पूर्ण सरळ होत नव्हता, तो मांडीवर ठेवून दुसऱ्या हातानं मोबाईलवर गिऱ्हाइकांना उत्तरं लिहीत होता. माझा मुलगा त्याच खोलीत, त्याच्याकडं पाठ करून तांदूळ पाखडत होता. दोघांत एक शब्द नाही. धाकटी मधे बसून पिशव्यांना दोरे बांधत होती, जणू काही झालंच नाही.

"त्याला हितं का बोलावलंस?" मी तिला बाहेर घेऊन विचारलं.

"मी नाही बोलावलं, ताई. खालच्या आळीचा तांदूळ हवा म्हणून मी ग्रुपवर टाकलं होतं. तो स्वतः आला. हिशेबी आहे, मराठी छान लिहितो."

"अगं पण आपल्या पोरावर केस हाय त्याची!"

"हो," ती म्हणाली. "म्हणून मी दोघांना एकमेकांशी बोला असं सांगितलं नाही."

तिचा एकच नियम होता. टेम्पोत पोतं चढवताना एका आळीच्या दोघांनी उचलायचं नाही. एक टोक वरच्या आळीचं, एक खालच्या. पोतं उचलताना माणूस 'हां' म्हणतोच, समोरचा 'चल' म्हणतोच. मी कुडाआडून ऐकायची. आठवडे गेले, त्या 'हां' आणि 'चल'च्या पुढं काही गेलं नाही. मला मनातून थोडं समाधान वाटायचं. बघा म्हटलं, हिच्यानंही होत नाही.

पुढच्या आषाढात तिनं एक चूक केली.

खालच्या आळीतल्या त्या आईची रोपं तयार होऊन पिवळी पडायला लागली होती. सावड तुटलेली, पोराचा हात असा, मजूर मिळेनात. धाकटीला काळजी तिच्या तांदळाची, कारण दिवाळीनंतरच्या मागणीचा अर्धा भार त्या खाचरांवर होता. ती आई पोराचा हात दाखवायला भोरच्या दवाखान्यात गेली होती, त्या दिवशी धाकटीनं पोरं गोळा केली, दोन्ही आळ्यांची, आणि सरळ तिच्या खाचरात उतरवली. पोरींनाही. माझ्या मुलाला सुद्धा. कुणाला विचारणं नाही, सांगणं नाही.

मला अंगणवाडीत कळलं. मदतनिशीवर मुलं सोपवून मी तशीच पळत सुटले. माझ्या मनात काय होतं ते सांगते. पोराची भीती वाटत होती, त्या दुसऱ्या पोराची आई आल्यावर काय करील याची. आणि त्याखाली एक गुदगुली होती. आता हिची चांगली जिरणार, आणि ती मला माझ्या डोळ्यांनी बघायला मिळणार.

दुपारच्या एसटीनं मायलेक उतरली. पोराची आई बांधावर आली तेव्हा निम्म्याहून जास्त खाचर हिरवं झालं होतं. चिखलात वाकलेल्या पोरांत माझा मुलगा कडेलाच होता. तो उभा राहिला. हातात रोपांची मूठ तशीच. आजूबाजूच्या बांधांवर आळीतली माणसं येऊन उभी राहिली होती. तिनं सगळ्यांकडं बघितलं, मग माझ्या मुलाकडं, मग धाकटीकडं. धाकटी टोपी घालून बांधावर, गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेली.

"कुणी सांगितलं तुमाला?" पोराची आई म्हणाली.

"कुणी नाही. रोपं वाया चालली होती."

पोराच्या आईनं कमरेची पिशवी काढली. "रोज किती झाला त्यो सांगा."

आणि धाकटी हसून म्हणाली, "छे हो, पैसे कसले? ही सावड आहे."

चिखलात वाकलेली पोरं सरळ उभी राहिली. मला लगेच कळलं काय झालं ते. तिनं तो शब्द पोरांच्या तोंडून ऐकला होता आणि तिला वाटलं होतं, सावड म्हणजे प्रेमापोटी केलेली मदत, पैसे न घेता केलेली. भोरच्या माणसाला सावड काय ठाऊक! आमच्याकडं सावड म्हणजे फेड. आमच्यात कुणी कुणाला न विचारता सावड घालत नाही, कारण ती घातली की समोरच्याच्या डोक्यावर बसते. केसमधल्या माणसाच्या घरची सावड फिर्यादीच्या डोक्यावर! गावात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

मी पुढं झाले. आजवर इतकी पुढं मी कधी झाले नव्हते. म्हणाले, "अवो, ती भोरची हाय. तिला सावड म्हंजी काय ठावं न्हाई. तिचं मनावर घिऊ नगा, पैसं द्या आन् मोकळं व्हा."

पोराच्या आईनं माझ्याकडं बघितलं. पिशवी परत कमरेला खोचली.

"तिला न्हाई ठावं, बाई," ती म्हणाली. "मला ठावं हाय."

एवढं बोलून ती खाचरात उतरली आणि माझ्या मुलाच्या बाजूनंच, पाठ करून, रोपं लावायला लागली. पोरं पुन्हा वाकली. मी बांधावर उभी राहिले. माझ्या पायाला चिखल सुद्धा लागला नव्हता.

घरी येऊन मी धाकटीला सावडीचा अर्थ सांगितला. चांगली फोड करून सांगितला, तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हावं म्हणून. ती डोक्याला हात लावून म्हणाली, "अगंबाई! म्हणजे आता त्यांना आपल्याकडं यावं लागणार?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "आल्या तर बरंच की." त्या रात्री माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला सगळं ठाऊक होतं, सासूबाईंपासून ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच मी असलं काही कधी केलं नसतं. हिला ठाऊक नव्हतं म्हणून हिला जमलं. असल्या नशिबाला काय म्हणायचं?

आठवड्यानं मायलेक आमच्या खाचरावर आली. गडी आला होता म्हणून गडी आणायला हवा, म्हणून पोराला घेऊन आली. त्याला रोप लावता येत नव्हतं, तो एका हातानं रोपांच्या जुड्या बांधावरून टाकत होता. माझा मुलगा त्या झेलत होता. 'हां.' 'चल.' तेवढंच.

पण आता माझी पाळी होती. शेत सामाईक, थोरली मी, भाकरी मीच न्यायची. मी पहाटेच उठले. नाचणीच्या भाकरी केल्या, कागदासारख्या पातळ. काळ्या वाटाण्याची उसळ, सुकट, ठेचा, कांदा. धाकटी मदतीला आली तर तिला म्हणाले, तू राहू दे, तुझ्या भाकरीला कोपरे असतात. वाटेनं जाताना काय बोलायचं ते घोकत गेले. आधी पोराच्या हाताची चौकशी, मग दोन घरांच्या जुन्या संबंधांचं, मग हळूच केसचं. मिटेल तर माझ्या हातच्या भाकरीनं मिटेल, आणि गावाला दिसेल कुणाच्या हाताला काय चव आहे ते.

त्या आईनं पोटभर खाल्लं. दुसरी भाकरी स्वतः मागून घेतली. माझा जीव सुपाएवढा झाला. मी सुरू केलं, "कसा हाय आता हात पोराचा?"

"बाई," ती घास गिळून म्हणाली, "तुमी केसचं बोलणार आसाल तर बोलू नगा."

मी ठेचा तिच्यापुढं सरकवला.

"आमची आळी, तुमची आळी, समिती, पावनं, समदी आली माज्या दारात. समद्यांनी येकच इचारलं, सही कवा करतीस. तुमच्या जावंनं येक डाव बी इचारलं न्हाई. पोरगं माजं तिच्याकडं वर्सभर बसतंय, तरी न्हाई." तिनं हात धुतले. "म्हणून करते सही. तिला सांगा."

तिला सांगा! माझ्या भाकरी खाऊन, माझ्या बांधावर बसून, निरोप मीच न्यायचा, तोही तिला. मी टोपली डोक्यावर घेतली. आनंदानं मी झपाझप चालत होते, खोटं का बोलू, माझं लेकरू सुटणार होतं. आणि चालता चालता मला ती टोपली वाटेत आपटावीशी वाटत होती. दोन्ही एकाच वेळी होतं.

दिवाळीनंतर भोरच्या कोर्टात तडजोड झाली. दोन्ही आळ्यांची सावड सुरू झाली. पोरांनी मग त्यातूनच आणखी एक काम काढलं. ज्यांची मुलं पुण्याला, घरात फक्त म्हातारी माणसं, त्यांची लावणी-कापणी ही टोळी करून देते. पुणेकरांच्या फार्महाऊसवरची शेतंही घेतात, तिथं मात्र मजुरी चोख घेतात. टोळीत दोन्ही आळ्यांची पोरं-पोरी जोडीजोडीनं. पिशव्यांवर आता नाव छापलंय, 'सावड'. कामथडीहून काही मुलं बघायला येऊन गेली, आमच्याकडंही असंच करायचं म्हणाली. यात्रेत टेम्पो कुठं किती वेळ थांबायचा ते हीच पोरं आधी बसून ठरवतात.

पुण्याहून कुठल्याशा संस्थेची माणसं आली तेव्हा शाळेत मंडप घातला. मागं फलक: तरुणांचा सहभाग, सामाजिक उद्योजकता, गावातील शांतता. शांतता म्हणजे मला अंगणवाडीतली पोरं दुपारी झोपली की होते ती ठाऊक. धाकटीला शाल, श्रीफळ. मी दुसऱ्या रांगेत, माझ्यापुढं सरपंचांची पगडी, त्यामुळे शाल अर्धीच दिसली. पाहुण्या बाईंनी विचारलं, ही कल्पना तुम्हाला सुचली कशी? धाकटी माईकवर म्हणाली, "मला सुचली नाही. मला सावडीचा अर्थच माहीत नव्हता. तो नंतर आमच्या ताईंनी सांगितला." सगळे हसले, टाळ्या वाजल्या. माझ्याकडं माना वळल्या. आता हे माझं कौतुक होतं की काय होतं? मी तळहात झोंबेपर्यंत टाळ्या वाजवल्या. मग माझा मुलगा बोलायला उठला, दोन वाक्यं बोलला आणि त्यातलं एक काकूवर होतं.

तो पुन्हा पळायला लागला होता. भरतीच्या यादीत त्याचं नाव निघालं. मला वाटलं होतं धाकटी त्याला अडवेल, उद्योगाचा एक खांब जातोय म्हणून. मी भांडायची तयारी करून ठेवली होती. तर तीच त्याला म्हणाली, "जा, तांदूळ कुठं पळून जात नाही." त्यामुळं ते भांडणही माझ्या पदरात पडलं नाही.

ट्रेनिंगला जायच्या दिवशी सकाळी आम्ही फाट्यावर उभे होतो. मी, धाकटी, टोळीतली पोरं आणि तो वाकड्या हाताचा. मी डब्यात डिंकाचे लाडू दिले होते. मुलगा माझ्या पाया पडला, मग धाकटीच्या. कुणाच्या पायाशी जास्त वेळ वाकला ते मी बघत होते, सारखाच वाकला. वाकड्या हाताच्या पोरानं त्याची पेटी एका बाजूनं उचलली, दुसरी बाजू त्यानं, आणि दोघांनी ती एसटीत चढवली. तो खिडकीशी बसला.

गाडी सुटली आणि धाकटी रडायला लागली. हुंदका नाही, आवाज नाही, नुसतं घळाघळा पाणी. तिला मूलबाळ नाही, हे मी इथवर लिहिलं नाही, कारण त्यावरून तिला कधी बोलावं असं माझ्या मनातही आलं नाही. पण त्या क्षणी माझ्या मनात एकच आलं. माझं पोरगं चाललंय, आणि आधी हिनं का रडावं? माझ्या डोळ्यांत अजून पाणी नाही आणि हिचा पदर भिजला. फाट्यावरची माणसं बघतायत. तिच्या तोंडाकडं मी बघत राहिले. हे रडणं खरं आहे का, किती खरं आहे, माझ्यापेक्षा जास्त तर नाही ना, हे शोधत राहिले. खरंच होतं ते. त्यात शोधण्यासारखं काही नव्हतं.

मी रस्त्याकडं वळले तेव्हा तिथं नुसती धूळ होती. गाडी वळणाआड गेली होती.

"ताई, बघितलंत?" धाकटी डोळे पुसत म्हणाली. "कसा खिडकीतून पार कमरेपर्यंत बाहेर वाकून हात करत होता. मला नाही हो, तुम्हाला करत होता. सारखा तुमच्याकडंच बघत होता."

मी म्हटलं, "व्हय. बघितलं की."